ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी त्याचे सर्किट कसे तपासावे

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०१३५ किंवा पी०१३१ असा कोड दिसला, की नागपुरातल्या अनेक गॅरेजांत ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूत उरलेला ऑक्सिजन ओळखणारा भाग, बदलण्याचाच सल्ला मिळतो. नवा सेन्सर महाग असतो आणि एकदा बसवलेला विद्युत भाग दुकानदार सहसा परत घेत नाही. कोडमध्ये सेन्सरचे नाव असले, तरी ईसीयूला, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाला, कळलेले असते ते इतकेच की त्या सर्किटमधून अपेक्षित व्होल्टेज किंवा करंट आलेला नाही. फ्यूज उडालेला असेल, कपलरच्या (तारा जोडणाऱ्या प्लगच्या) पिना गंजल्या असतील, तार सायलेन्सरला टेकून जळाली असेल किंवा सेन्सर खरोखरच निकामी झाला असेल. यांपैकी नेमके काय झाले आहे, हे ठरवण्यासाठी मल्टिमीटर, गाडीचा १२ व्होल्टचा पाच वॉटचा साधा बल्ब आणि लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर एवढे साहित्य पुरते.

आधी कोडचा अर्थ नीट लावावा. पी०१३० ते पी०१३५ हे कोड कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या भागाच्या) आधी बसवलेल्या सेन्सरचे असतात, तर पी०१३६ ते पी०१४१ हे त्याच्या नंतरच्या सेन्सरचे. त्यांतील पी०१३५ आणि पी०१४१ हीटरच्या सर्किटविषयी आहेत, पी०१३१ म्हणजे सिग्नलचे व्होल्टेज कमी, पी०१३२ म्हणजे जास्त, पी०१३३ म्हणजे प्रतिसाद मंद आणि पी०१३४ म्हणजे सेन्सरकडून काहीच हालचाल नाही. कोड लगेच पुसू नये. त्याच्यासोबत साठवलेला फ्रीझ फ्रेम डेटा आधी लिहून घ्यावा, कारण इंजिन थंड असताना बिघाड आला की धावताना, हे त्यावरूनच कळते.

येथे दिलेली मापे चार तारांच्या नेहमीच्या झिरकोनिया सेन्सरची आहेत. पाच किंवा अधिक तारांचा वाइडबँड सेन्सर वेगळ्या तत्त्वावर चालतो, आणि त्याला ही व्होल्टेजची मापे लावू नयेत. चार तारांपैकी दोन हीटरच्या असतात आणि त्या बहुधा एकाच रंगाच्या असतात. उरलेल्या दोन सिग्नलच्या आणि सिग्नल अर्थच्या (अर्थ म्हणजे ऋण जोड). रंग कंपनीनुसार बदलतात, शिवाय सेन्सरकडचे आणि गाडीच्या वायरिंगकडचे रंग एकच असतील असेही नाही, म्हणून गाडीची वायरिंग आकृती हाताशी ठेवावी.

हीटरपासून सुरुवात करावी. सेन्सरचे टोक साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय विश्वासार्ह सिग्नल देत नाही, आणि ते लवकर तापवण्याचे काम हीटर करतो. इंजिन पूर्ण थंड असताना कपलर काढून सेन्सरकडच्या हीटरच्या दोन पिनांमधील रोध मोजावा. बहुतेक साध्या सेन्सरमध्ये तो काही ओहम ते पंधरा ओहमच्या आसपास असतो. मीटर अनंत रोध दाखवत असेल, तर हीटरची तार आत तुटलेली आहे. मॅन्युअलमधला आकडा बहुधा २० अंश तापमानाचा असतो, तर नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत रोध किंचित जास्त आला, तर तेवढ्यावरून सेन्सर बाद ठरवू नये.

रोध योग्य असेल, तर गाडीच्या बाजूचा कपलर तपासावा. चावी ऑन केल्यावर हीटरच्या एका पिनेवर बॅटरीइतके व्होल्टेज यायला हवे. काही गाड्यांत ते इंजिन चालू झाल्यावरच येते. व्होल्टेज नसेल, तर फ्यूज आणि रिले पाहावेत. मात्र मीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणून तार निर्दोष आहे असे मानू नये, कारण मीटर जवळजवळ करंट घेतच नाही आणि एखाद-दुसरा धागा शिल्लक असलेली तारसुद्धा त्याला पूर्ण व्होल्टेज दाखवते. त्या पिनेवरून बॅटरीच्या ऋण टोकाकडे पाच वॉटचा बल्ब जोडावा. तो मंद पेटला किंवा पेटलाच नाही, तर तारेत किंवा सांध्यात दोष आहे. दुसऱ्या पिनेला बहुतेक गाड्यांत ईसीयू थांबून थांबून अर्थ देतो, त्यामुळे हाच बल्ब बॅटरीच्या धन टोकापासून त्या पिनेला जोडून थंड इंजिन सुरू केल्यास तो पेटायला किंवा लुकलुकायला हवा. माझ्या मते बल्बची ही चाचणी संपूर्ण तपासणीत सर्वांत मोलाची आहे आणि तीच सर्वाधिक वेळा वगळली जाते.

सिग्नलच्या तारा तपासताना अधिक जपावे. त्यांवर बॅटरीचे १२ व्होल्ट कधीही देऊ नयेत आणि सेन्सरच्या सिग्नल पिनांवर रोधही मोजू नये. कपलर सुटा ठेवून चावी ऑन केली, की अनेक गाड्यांत ईसीयूकडच्या सिग्नल आणि सिग्नल अर्थ या पिनांमध्ये सुमारे ०.४५ व्होल्ट मिळतात. गाडीनुसार हा आकडा वेगळा असू शकतो. त्यानंतर याच दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडाव्यात, पण त्यांपैकी एकही हीटरची नाही याची आधी खात्री करावी. स्कॅनरवरचे व्होल्टेज शून्याजवळ आले, तर वायरिंग आणि ईसीयूचे इनपुट दोन्ही काम करत आहेत. ते जागचे हलले नाही, तर दोष सेन्सरच्या अलीकडे, म्हणजे गाडीच्या वायरिंगमध्ये किंवा ईसीयूमध्ये आहे आणि नवा सेन्सर घेऊन काहीही साधणार नाही.

आता कपलर जोडून इंजिन पूर्ण गरम करावे आणि सुमारे २,५०० आरपीएमवर लाइव्ह डेटा पाहावा. चांगला पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होतो, दहा सेकंदांत अनेक वेळा. ॲक्सिलरेटर झटकन दाबल्यावर तो ०.८ व्होल्टच्या वर जायला हवा आणि सोडल्यावर ०.२ च्या खाली यायला हवा. मागचा सेन्सर मात्र बराचसा स्थिर असतो, आणि तसाच असायला हवा.

सिग्नल सतत कमी असेल, तर सेन्सरच्या आधीची सायलेन्सरची गळती वगळूनच निष्कर्ष काढावा, कारण फटीतून आत ओढली गेलेली बाहेरची हवा सेन्सरला खोटे लीन (हवा जास्त, इंधन कमी असलेले) मिश्रण दाखवते. सीएनजी किट नंतर बसवलेली असेल, तर तपासणी पेट्रोलवर करावी आणि किटची तार सेन्सरच्या सिग्नलला कुठे जोडली आहे ते शोधावे. असे जोड पुष्कळदा नुसत्या चिकटपट्टीवर उभे असतात.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात अंबाझरी परिसरात ज्या गाड्यांत पाणी शिरले, त्यांच्या मालकांनी कपलर उघडून पाहावेतच, कारण पिनांवरचा हिरवट थर वाढायला कित्येक महिने लागतात. झिरकोनिया सेन्सरला तुलनेसाठी बाहेरची हवा लागते आणि अनेक सेन्सरमध्ये ती तारांच्या धाग्यांमधूनच आत पोहोचते. त्यामुळे सेन्सरच्या तारांवर डाग देऊन (सोल्डर करून) हा मार्ग बंद करू नये, क्रिम्प (दाबून बसवलेला) जोड वापरावा आणि कपलरमध्ये ग्रीस भरू नये. उंदरांनी कुरतडलेली तारही अशीच जोडावी, आणि ती सायलेन्सरपासून दूर बांधावी.

सर्व तारा निर्दोष ठरल्या आणि सेन्सरच दोषी निघाला, तर तो खाचेच्या २२ मिमी सॉकेटने, एक्झॉस्ट कोमट असताना काढावा. आटे साफ करावेत आणि जवळपास सिलिकॉन सीलंट वापरला असल्यास तो सेन्सरसाठी सुरक्षित आहे का ते पाहावे, कारण सिलिकॉनच्या वाफेने नवा सेन्सरही खराब होतो. दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी रात्रभर थंड होऊ द्यावी, सकाळी सुरू करून वर्धा रोडसारख्या मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालवावी आणि स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सर व हीटर या दोन्ही चाचण्या पूर्ण झाल्याची नोंद आल्यावरच दुरुस्ती झाली असे समजावे.