फौजेची तयारी करणाऱ्या पोट्ट्यांसाठी

भरतीबद्दल विचारायला येणारे गावातले पोट्टे उंची आणि छातीपासून सुरुवात करतात. सैनिक दिवसभर काय करतो, हे क्वचितच कोणी विचारतं. मी फौजेत नोकरी केली, म्हणून सांगतो. लढाईचे दिवस थोडे. एरवी पीटी, परेड, फटीक म्हणजे साफसफाई-ओझ्याची अंगमेहनत, रात्रीची संतरी ड्यूटी म्हणजे पहारा, आणि कोतमधून, म्हणजे हत्यारांच्या खोलीतून, काढलेल्या रायफलची सफाई. नळीतून चिंधी मन लावून फिरवा की दाखवण्यापुरती, पगार तोच मिळतो. पण त्याच रायफलच्या भरवशावर शेजारचा जवान उभा असतो.

म्हणून इंग्रजीत मुद्दाम रेंगाळत काम करण्याला 'सोल्जरिंग' म्हणतात, हे मला आजही टोचतं. अमेरिकेतल्या फ्रेडरिक टेलरनं १९११ साली कारखान्यांतल्या अशा वेळकाढूपणावर लिहिलं. कारण मात्र त्यानं अचूक पकडलं होतं. मजुरी नगावर असायची आणि कामगारांनी जास्त नग काढले की मालक दरच उतरवायचा. मग सगळे ठरवून हळू चालायचे. ते आळशी नव्हते, हिशेबी होते. आपल्याकडे कापूस वेचणी किलोवर असते तेव्हा हात कसे चालतात आणि रोजीच्या निंदणाला कसे, हे तुम्ही पाहिलंच आहे.

फौजेत नग मोजत नाहीत. अग्निवीराची नोकरी ४ वर्षांची, आणि पुढे जास्तीत जास्त २५ टक्केच कायम होतात, तेही कामगिरी पाहून. अंगचोर माणूस उस्तादाच्या, म्हणजे शिकवणाऱ्या हवालदाराच्या, नजरेतून फार दिवस सुटत नाही.

अंगचोरी शिरते ती तयारीतच. तालुक्याच्या अभ्यासिकेत दिवसभर बसायचं आणि अर्धा वेळ मोबाईलवर घालवायचा. आता लेखी परीक्षा आधी होते आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापतात, त्यामुळे तिथंच गाळणी लागते. दौड १.६ किलोमीटरची, पण गावच्या रस्त्यावर 'त्या बाभळीपर्यंत' असा अंदाज चालतो. मोटरसायकलच्या मीटरवर अंतर मोजून खूण करा आणि दर वेळी घड्याळ लावा. बीमचं, म्हणजे दांड्याला लटकून काढायच्या पुलअपचं, तर सगळ्यात वाईट. हात अर्धे वाकवून मित्राकडून १५ मोजून घेतात. भरतीच्या मैदानात हनुवटी दांड्याच्या वर गेली आणि खाली हात सरळ झाले, तरच ती पुलअप धरतात. अशा १० काढल्या तर पूर्ण ४० गुण. मोजायला मित्र नको, गावातला एखादा सुट्टीवर आलेला जवान उभा करा.