कंबर-मान दुखते तेव्हा मोशन सेन्सर लावून हालचाल कशी मोजायची

पुढे वाकून बोटं जमिनीला टेकली म्हणजे कंबर ठीक आहे असं बरेच जण धरून चालतात, पण कंबर अगदी आखडलेली असली तरी माणूस खुब्यातून वाकून बोटं टेकवू शकतो, आणि नुसत्या डोळ्यांनी बघून ते पटकन लक्षात येत नाही. सेन्सरचा खरा उपयोग इथे आहे. कंबर किती वाकली आणि खुबा किती हे वेगळं काढायचं म्हणून कंबरेसाठी एक सेन्सर पुरत नाही, दोन लागतातच.

आधी हे विचारून घ्या: लघवी-संडासवरचा ताबा सुटलाय का, बसायच्या जागी बधिर वाटतंय का, पायातली ताकद कमी होतेय का, ताप आहे का, कारण नसताना वजन उतरतंय का, नुकतंच कुठे पडलाय का, पूर्वी कॅन्सर झालाय का. यातलं काहीही असेल तर मोजमाप बाजूला ठेवून डॉक्टरकडे, आणि पहिल्या तीनपैकी काही असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये.

सेन्सरमध्ये साधारण तीन गोष्टी असतात. अ‍ॅक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणावरून कल सांगतो, जायरोस्कोप फिरण्याचा वेग सांगतो, आणि मॅग्नेटोमीटर दिशा सांगतो. मॅग्नेटोमीटर लोखंडाजवळ गंडतो म्हणून लोखंडी कॉट किंवा कपाटाजवळ उभं राहून मोजू नका. छोटे सेन्सर नसतील तर दोन फोन चालतात. जर्मनीतल्या आखेनच्या युनिव्हर्सिटीने बनवलेलं फायफॉक्स अ‍ॅप फुकट आहे, त्यात कलाचा कोन दिसतो, रेकॉर्डिंग ठराविक सेकंदांनी आपोआप सुरू करता येतं, त्यामुळे पाठीवर बांधलेल्या फोनचं बटण दाबायला धडपड नको.

लावायची जागा हीच सगळ्यात महत्त्वाची, इथे घाई केली की पुढचे सगळे आकडे फुकट. कमरेच्या खाली दोन्ही बाजूंना खळगे दिसतात, त्यांच्या मधोमध खालचा सेन्सर. मग दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवा, त्या लेव्हलला साधारण चौथा कंबरेचा मणका येतो, तिथून बोटाने एकेक मणका मोजत चार वर जा, म्हणजे छातीचा बारावा मणका, तिथे वरचा सेन्सर. दोन्ही जागांवर पेनाने खूण करा. सेन्सर थेट त्वचेवर टेप किंवा इलॅस्टिक पट्ट्याने घट्ट लावा, शर्टावर किंवा साडीवर लावला तर कापड सरकतं आणि तुम्ही कापडाची हालचाल मोजत बसता. पाठ उघडी करायची आहे तर आधी नीट समजावून परवानगी घ्या, बाई पेशंट असेल तर सोबत दुसरी बाई असू द्या.

आता पाच सेकंद सरळ, स्थिर उभं राहायला सांगा, हे तुमचं शून्य. एकदोनदा सहज वाकू द्या, मग तीनदा रेकॉर्ड करा. वरच्या सेन्सरच्या कोनातून खालच्याचा वजा केला की कंबर किती वाकली ते कळतं, उरलेलं खुब्याचं. समजा वरचा ९० अंश आणि खालचा ६५, तर कंबर फक्त २५ अंश वाकली, बाकी सगळं खुब्याने सांभाळून घेतलं. दर वेळी शेजारी ० ते १० मधला दुखण्याचा आकडा लिहा आणि कुठल्या टप्प्यावर दुखलं तेही, कारण सेन्सरला दुखणं कळत नाही, ते माणसालाच विचारावं लागतं.

कोनापेक्षा मला वेगाचा ग्राफ जास्त बोलका वाटतो. दुखण्याची भीती बसलेला माणूस कोन पूर्ण करतो पण सावकाश, आणि वर येताना मधेच थांबतो, ते ग्राफमध्ये खाचेसारखं दिसतं. तीन वेळचे ग्राफ एकावर एक ठेवून बघा. शिवाय त्याला जे रोज करायला त्रास होतो, पाण्याची बादली उचलणं, भारतीय पद्धतीच्या संडासातून उठणं, तेही मोजा.

मानेसाठी एक सेन्सर कपाळावर पट्ट्याने, दुसरा छातीच्या हाडावर, पाठ खुर्चीला टेकलेली. खाली-वर आणि बाजूला कलणं बसून नीट मोजता येतं. मान डावी-उजवीकडे वळवणं मात्र फोनने बसून मोजू नका, त्या हालचालीत गुरुत्वाकर्षणाशी कोन बदलतच नाही आणि नुसत्या जायरोचा आकडा हळूहळू सरकत जातो. माणसाला उताणं झोपवा, मग तोच फोन कपाळावर बरोबर कोन देतो.

आता सुधारणा झाली का हे ठरवताना: पहिल्याच दिवशी सेन्सर पूर्ण काढून, थोड्या वेळाने परत लावून मोजा. दोन्हीत जो फरक येईल ती तुमच्या हाताची चूक, त्याहून कमी बदलाला सुधारणा म्हणू नका. आणि दर वेळी दिवसाची तीच वेळ ठेवा, कारण सकाळी उठल्या उठल्या मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि कंबर कमी वाकते, सकाळचं रीडिंग संध्याकाळच्याशी लावलंत तर औषध-व्यायामाशिवायच बरं वाटल्याचं दिसेल.