हॉटेलच्या खोलीतलं काय न्यावं, काय ठेवावं

‘एवढे पैसे मोजलेत, मग टॉवेल नेला तर काय बिघडलं?’ बिघडतं, कारण पैसे मोजलेले असतात ते खोली वापरण्याचे. जुलै २०१९ मध्ये बालीतल्या एका हॉटेलाबाहेर एका भारतीय कुटुंबाच्या बॅगा उघडल्या गेल्या, आतून हेअर ड्रायरसकट बरंच काही निघालं आणि तो व्हिडिओ घरोघरी पोचला. तशी वेळ येऊ नये म्हणून एवढं करा.

१. खोलीत शिरल्यावर, पलंगावर अंग टाकण्याआधी, कपाट आणि बाथरूम बघून घ्या. किटली बंद असेल, चादरीला डाग असेल, तर रिसेप्शनला लगेच कळवा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नाहीतर आधीच्याने केलेलं नुकसान तुमच्या नावावर चढू शकतं.

२. आता खरी वाटणी. जी वस्तू धुऊन-पुसून पुढच्या पाहुण्याला दिली जाते, ती हॉटेलची. टॉवेल, बाथरोब, उशा, हँगर, कप, रिमोट, इस्त्री या गोष्टींना हात लावू नका. जी तुमच्यासाठी नवी ठेवलेली असते, ती तुमची: छोटा साबण, शॅम्पूची बाटली, टूथब्रशचं किट, शॉवर कॅप, चहा-कॉफीच्या पुड्या. मात्र बाहेर उभ्या असलेल्या हाउसकीपिंगच्या ट्रॉलीतून मूठभर उचलणं यात बसत नाही. शॅम्पू भिंतीवरच्या मोठ्या बाटलीत असेल, तर तो तिथेच वापरायचा. प्लॅस्टिकचा कचरा कमी व्हावा म्हणून ही पद्धत वाढते आहे. कॅलिफोर्नियात तर ५० हून अधिक खोल्यांच्या हॉटेलांना २०२३ पासून छोट्या प्लॅस्टिक बाटल्या ठेवायला कायद्यानेच मनाई आहे.

३. पेन आणि नोटपॅडवर हॉटेलचं नाव असतं. ती त्यांची जाहिरातच, खुशाल न्या. पातळ, पाकीटबंद सपाता चालतील. कापडी लाँड्री बॅग, छत्री, पुस्तक यांबद्दल विचारा. बाथरोब फारच आवडला, तर विकत मिळतो का तेही विचारा. बऱ्याच मोठ्या हॉटेलांत मिळतो.

४. पाण्याच्या ज्या बाटल्यांवर ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलंय, त्या फुकट. शेजारच्या काजूच्या पाकिटाचं बिल लागतं. मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

५. नाश्त्याचा बुफे तिथे बसून खाण्यासाठी असतो, डबे भरण्यासाठी नाही. पहाटे निघायचं असेल, तर आदल्या रात्री सांगा. पुष्कळ ठिकाणी नाश्ता बांधून देतात.

६. मेंदी, हळद, केसांचा रंग यांचे डाग पांढऱ्या टॉवेलवरून निघता निघत नाहीत. त्यासाठी जुना टॉवेल मागून घ्या. मागितल्यावर कुणी नाक मुरडत नाही. डाग पाडून टॉवेल पलंगाखाली ढकलला, की मात्र मुरडतात.

७. बॅग आदल्या रात्रीच भरा. सकाळच्या घाईत ओल्या कपड्यांबरोबर टॉवेलही आत जातो. मुद्दाम नेला तर ती चोरीच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार वस्तू पाच हजारांखालची असली, गुन्हा पहिलाच असला आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तरीही समाजसेवेची शिक्षा आहे. चुकून घरी आलाच, तर हॉटेलला त्याच दिवशी फोन करा, खोली क्रमांक आणि तारीख सांगा, आणि टॉवेल धुऊन कुरिअरने पाठवा किंवा ते सांगतील ती किंमत भरा.