युद्धपट बघून टेबलावर लढाई मांडताय? या चुका टाळा

रात्री युद्धपट बघायचा आणि सकाळी उठून तीच लढाई टेबलावर मांडायला घ्यायची, ही खोड प्रत्येक वॉरगेमरला, म्हणजे सैनिक-रणगाड्यांच्या छोट्या प्रतिकृती (मिनिएचर) आणि फासे घेऊन लढाया खेळणाऱ्याला, असते. असूही द्यावी. चित्रपट नसते तर आपल्यातल्या अर्ध्याअधिक लोकांनी मिनिएचरचा पहिला डबा घेतलाच नसता. गडबड होते ती पडद्यावरचं सगळं जसंच्या तसं सहा बाय चार फुटांच्या टेबलावर उतरवताना. दिग्दर्शक अंतर आवळतो, वेळ आवळतो आणि लढणाऱ्यांना जे ठाऊक नव्हतं ते प्रेक्षकाला आधीच सांगून टाकतो. खेळ मात्र नेमका या तिन्हींवर चालतो. त्यामुळे खेळ फसला तर नियमपुस्तकाला शिव्या घालण्याआधी या तीन जागा तपासा.

रणगाड्यांचा खेळ दोन फेऱ्यांत आटोपतो

'फ्युरी' (२०१४) बघितल्यावर चार अमेरिकन शेरमन रणगाडे विरुद्ध एक जर्मन टायगर मांडायचा मोह कुणाला आवरत नाही. मग एक तर टायगर पहिल्या दोन फेऱ्यांत चारही शेरमन उडवतो, नाहीतर शेरमन सरळ त्याच्या मागे जाऊन उभे राहतात आणि टायगरवाला रुसतो.

हिशोब करून बघा. २८ मिमीच्या (म्हणजे माणूस साधारण तेवढा उंच असलेल्या) मिनिएचर साधारण १/५६ प्रमाणाच्या असतात. सहा फुटी टेबल म्हणजे १८३ सेंटिमीटर, म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम शंभर मीटर जमीन. टायगरची ८८ मिमी तोफ किलोमीटरभरावरून शेरमन फोडू शकत होती. तेवढं अंतर याच प्रमाणात ठेवायचं तर टायगर अठरा मीटर लांब, म्हणजे बहुतेकांच्या घराबाहेर, उभा करावा लागेल. चित्रपटातला टायगर झाडीतली उत्तम जागा सोडून पुढे येतो, कारण दोघे एका चौकटीत दिसल्याशिवाय दृश्य रंगत नाही. शहाण्या टायगर-कमांडरनं तिथून हलायचं काही कारण नव्हतं.

नियम लिहिणाऱ्यांना हे ठाऊक असतं, म्हणून ते पल्ले आधीच आखूड करतात. 'बोल्ट ॲक्शन' या दुसऱ्या महायुद्धाच्या नियमांमध्ये रायफलचा पल्ला २४ इंच आहे. मिनिएचरच्या प्रमाणात मोजला तर तो पस्तीस मीटरसुद्धा भरत नाही. पायदळाच्या खेळात हे खपून जातं. रणगाड्यांत खटकतं. उपाय दोनच. २८ मिमीत खेळायचं असेल तर गावातली गल्ली, कुंपणांची शेतं, रस्त्याचं वळण अशी जागा निवडा, जिथे रणगाडे खरोखरच जवळून भिडत. मोकळ्या माळावरचं द्वंद्व हवं असेल तर ६ मिमीकडे वळा. त्या प्रमाणात तेच टेबल साधारण साडेपाचशे मीटरचं होतं. तेही पुरेसं नाही, पण डावपेच करायला वाव मिळतो.

'झुलू' मांडला की एक खेळाडू कंटाळतो

या छंदातला सर्वात लाडका चित्रपट बहुधा हाच. १९६४चा, साय एन्डफील्डचा. २२ आणि २३ जानेवारी १८७९ला दक्षिण आफ्रिकेतल्या रोर्क्स ड्रिफ्टच्या ठाण्यात सुमारे दीडशे ब्रिटिश सैनिकांनी तीन ते चार हजार झुलू योद्ध्यांना थोपवलं. मांडायला सोपं वाटतं: मधे दोन इमारती, भोवती मक्याच्या पोत्यांची भिंत, चारी बाजूंनी झुलू. आणि इथेच खेळ हमखास रटाळ होतो. ब्रिटिश खेळाडू दर फेरीला मूठभर फासे टाकतो, झुलू खेळाडू दर फेरीला मूठभर मिनिएचर उचलून डब्यात ठेवतो.

दोष चित्रपटातल्या उजेडाचा आहे. तिथे मोठे हल्ले लख्ख उन्हात होतात. प्रत्यक्षात लढाई दुपारी साडेचारच्या सुमाराला सुरू झाली आणि रात्रभर चालली. कित्येक हल्ले अंधारात झाले, जळत्या रुग्णालयाच्या उजेडात. ब्रिटिशांची मार्टिनी-हेन्री रायफल कितीही चांगली असली तरी अंधारात तिचा पल्ला डोळ्यांना दिसेल तेवढाच. शेवटची तीन रांगांची ती प्रसिद्ध गोळीबाराची फैर इतिहासात नाही. झुलूंनी डोंगरावरून गाऊन केलेली मानवंदनाही नाही. रुग्णालय लढवणारा शिपाई हेन्री हूक पडद्यावर दारुडा दाखवलाय. खरा हूक दारूला शिवत नसे. चित्रण झालं ड्राकेन्सबर्गच्या उंच कड्यांखाली; खऱ्या ठाण्यामागे होती ऑस्करबर्ग ही टेकडी, आणि तिच्यावरून झुलू बंदूकधारी ठाण्याच्या आत गोळ्या टाकत होते. बंदुका बहुतेक जुनाट होत्या, तरी माणसं पडतच होती.

आता खेळ असा दुरुस्त करा. चौथ्या फेरीपासून अंधार: पल्ला निम्मा. रुग्णालय पेटलं की त्याच्या भोवती फूटभर उजेड, तिथे पूर्ण पल्ला. झुलूंच्या तुकड्या मेल्या की काही फेऱ्यांनी टेबलाच्या दुसऱ्या कडेनं परत येऊ द्या, म्हणजे त्या खेळाडूला 'कुठून' हा निर्णय दर वेळी घ्यावा लागेल. टेकडीवर दोन बंदूकधारी तुकड्या ठेवा. सर्वात महत्त्वाचं म्हणजे ब्रिटिशांना काडतुसं मोजायला लावा. लढाई संपली तेव्हा ठाण्यात नऊशेच्या आसपास काडतुसं उरली होती, सुरुवातीला वीस हजार होती. दोन्ही बाजूंचे पॉइंट्स (तुकड्यांच्या ताकदीचे गुण) सारखे करण्याच्या भानगडीत पडू नका. दोघांनी आळीपाळीनं दोन्ही बाजू खेळाव्यात आणि झुलूंकडून कोण भिंतीच्या जास्त आत पोचला ते बघावं.

रंग पडद्यावरून उचलणं

'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मध्ये रंग मुद्दाम उडवलेले आहेत. त्यातली चौकट थांबवून अमेरिकन गणवेश रंगवला तर तो करड्या चिखलासारखा दिसतो, आणि टेबलावर दोन फुटांवरून तर काहीच कळत नाही. लहान मिनिएचरला उलट एक छटा उजळ रंग लागतो.

रणगाड्यांच्या बाबतीत चाकं बघा. 'केलीज हीरोज'मधले टायगर म्हणजे टी-३४ वर चढवलेलं सोंग आहे. सुटी सुटी पाच मोठी चाकं दिसली की ओळखावं. खऱ्या टायगरची चाकं एकमेकांवर चढलेली असतात. 'बॅटल ऑफ द बल्ज'मध्ये (१९६५) तर जर्मन किंग टायगर म्हणून अमेरिकन एम-४७ पॅटन फिरतात, आणि आर्डेनच्या बर्फाळ जंगलातली लढाई शेवटी स्पेनच्या कोरड्या माळावर जाऊन पोचते. त्यावरून टेरेन (टेबलावरची जमीन) करू नये एवढंच. 'फ्युरी'तला टायगर मात्र अस्सल: इंग्लंडमधल्या बॉव्हिंग्टनच्या संग्रहालयातला १३१ क्रमांकाचा, एप्रिल १९४३मध्ये ट्युनिशियात पकडलेला. गंमत अशी की कथा १९४५ची आहे, आणि तोवर निघणाऱ्या टायगरांना पोलादी कडांची वेगळी चाकं आली होती. मॉडेल घेताना हा फरक डब्यावर 'अर्ली' आणि 'लेट' असा लिहिलेला असतो.

दोघांनाही सगळं ठाऊक असणं

'बॉर्डर' (१९९७) आपल्याकडे पाठ नसलेला माणूस विरळा. त्यावरून लोंगेवाला मांडायचा तर बहुतेक जण रणगाड्यांची रांग, बंकर आणि घोषणा एवढंच घेतात. या लढाईतला सर्वात खेळण्याजोगा क्षण वेगळाच आहे. ४ आणि ५ डिसेंबर १९७१च्या रात्री पाकिस्तानी रणगाडे ठाण्यापुढच्या काटेरी तारेपाशी थबकले, कारण पुढे सुरुंग पेरलेत असा त्यांचा समज झाला. त्यात मौल्यवान वेळ गेला. तारेपलीकडे काय आहे हे टेबलावर दोन्ही खेळाडूंना माहीत असेल तर ही लढाई उरतच नाही.

म्हणून भारतीय खेळाडूनं तारेच्या प्रत्येक तुकड्याखाली एक चिठ्ठी उलटी ठेवावी: सुरुंग किंवा रिकामी. हल्लेखोरानं एक तर फेरी घालवून सॅपरकडून (सुरुंग काढणाऱ्या सैनिकाकडून) चिठ्ठी उघडावी, नाहीतर जुगार खेळून रणगाडा घालावा. रस्ता सोडणाऱ्या प्रत्येक रणगाड्यासाठी फासा टाका; एक पडला की वाळूत रुतला. भारताच्या जीपवरच्या १०६ मिमी रिकॉइललेस (मागे झटका न देणाऱ्या) तोफांना पहिला गोळा सुटेपर्यंत मांडायचंच नाही, फक्त कागदावर जागा लिहून ठेवायची.

उजाडलं की खेळ थांबवा. दिवसा जैसलमेरहून आलेल्या भारतीय हंटर विमानांनी उघड्या वाळवंटात रणगाडे टिपले, आणि पाकिस्तानी बाजूकडे त्यावर उत्तर नव्हतं. इतिहास म्हणून तो भाग थोर आहे, खेळ म्हणून त्यात एका खेळाडूनं फक्त बघत बसायचं असतं. ठाणं सूर्योदयापर्यंत टिकलं की भारत जिंकला. आणि पडद्यावर धारातीर्थी पडणाऱ्यांची संख्या बघून भारतीय बाजूला भरमसाट हानी गृहीत धरू नका. ठाण्यावर प्रत्यक्षात दोन जवान शहीद झाले. फॉक्सहोल (सैनिकानं लपायला खणलेला खड्डा) आणि उंचवट्याला चांगला बचाव द्या, आकडे आपोआप जुळतील.

नायकाला राक्षसी आकडे देणं

पावनखिंडीवरचा सिनेमा बघून आलेला मित्र पहिली मागणी करतो ती बाजीप्रभूंना प्रत्येक फेरीला दहा फासे देण्याची. द्या, आणि बघा: खेळ बाजी विरुद्ध सगळे असा होतो, मावळे नुसते शोभेला. जुलै १६६०च्या त्या दिवशी बळ होतं ते अरुंद वाटेत. सिद्दी मसूदची फौज कितीही मोठी असली तरी एका वेळी भिडणार मूठभरच. टेबलावर खिंड इतकी अरुंद करा की दोनच तुकड्या शेजारी मावतील. ऐन पावसाळा आहे, तेव्हा तोडेदार बंदुकांना दर वेळी फासा: चार किंवा जास्त पडला तरच बार उडेल. बाजी जिवंत असेतो जवळची तुकडी मागे हटत नाही, एवढा एक नियम त्यांच्यासाठी भरपूर आहे.

तोफेची वेळ ठरवून टाकू नका. महाराजांना विशाळगडाखाली सुर्वे आणि दळव्यांचा वेढा फोडून वर जायचं होतं, त्यामुळे खिंडीतल्या कुणालाच वेळ सांगता येत नव्हती. सहाव्या फेरीपासून फासा टाका: सहाव्या फेरीला सहा पडला तर तोफ वाजली, सातव्याला पाच किंवा सहा, आठव्याला चार ते सहा, असं. टेरेनसाठी दिवाळीच्या किल्ल्याची माती आणि गोणपाट चालतं, चित्रं मात्र कपाटातच राहू द्या. ती २८ मिमीशेजारी डोंगराएवढी दिसतात.

आख्खं वॉटर्लू

बोंडार्चुकच्या 'वॉटर्लू'मध्ये (१९७०) सोव्हिएत सैन्यातले पंधरा हजारांवर जवान उभे केले होते. वरून दिसणारे ते पायदळाचे चौकोन आणि त्यांच्याभोवती घोंघावणारं घोडदळ बघून माणूस पाचशे मिनिएचर मागवतो, त्यातल्या चाळीस रंगवतो आणि बाकीच्या माळ्यावर जातात.

त्याऐवजी ला हाय सेंत घ्या, नेपोलियनविरुद्ध लढणाऱ्या वेलिंग्टनच्या फळीसमोरचा वाडा. मेजर बेरिंगचे ब्रिटिशांकडून लढणारे सुमारे चारशे जर्मन सैनिक तो दुपारभर लढवत होते. पुढे मदतीला आणखी कुमक आली, पण बेकर रायफलींची काडतुसं काही आली नाहीत. एक मिनिएचर म्हणजे दहा माणसं धरली तर चाळीसात बचावाची सुरुवातीची बाजू तयार, म्हणजे रंगवून झालेल्या त्या चाळीस पुरतात. प्रत्येक तुकडीशेजारी बारा मणी ठेवा, दर गोळीबाराला एक उचला, आणि मागवलेली काडतुसं या खेळात कधीच येत नाहीत हे त्या खेळाडूला आधी सांगू नका.