बेल्ट ओरडतोय की बेअरिंग? पाणी मारून बघा

बॉनेटखालून किंचाळल्यासारखा आवाज आला की लगेच नवा बेल्ट टाकू नका. बऱ्याचदा दोष पुलीत (बेल्ट ज्यावरून फिरतो ते चाक) किंवा टेन्शनरमध्ये (बेल्ट ताणून धरणारा भाग) असतो.

१. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन आयडलवर (चालू, पण रेस न देता).
२. स्प्रे बाटलीने साधं पाणी फिरत्या बेल्टच्या खाचांच्या बाजूवर दोन-तीन फवारे मारा. अल्टरनेटरवर (बॅटरी चार्ज करणारा भाग) नको.
३. आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, टेन्शनर तपासा. क्षणभर थांबून परत आला तर पुली एका रेषेत नाहीत. काहीच फरक नाही? मग पुलीच्या बेअरिंगचा (ज्यावर पुली फिरते ते छऱ्यांचं कडं) संशय घ्या. इंजिन बंद करून, बेल्ट काढून एकेक पुली हाताने फिरवा. खरखर लागेल तीच खराब.

फवारताना सैल बाही, ओढणी, मोकळे केस बेल्टपासून लांबच ठेवा. बेल्टला तेल किंवा ग्रीस अजिबात लावू नका, रबर खराब होतं.