४ ओहमचे स्पीकर जोडल्यावर रिसीव्हर मध्येच बंद पडायचा : माझा अनुभव

रिसीव्हर म्हणजे स्पीकर चालवणारा घरचा अ‍ॅम्प्लिफायर. हळू आवाजात सगळं ठीक. आवाज वाढवला आणि बेसचा जोरदार ठोका आला की 'टक्' होऊन रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये, म्हणजे स्वतःला वाचवायला आपोआप बंद. वायरी बदलल्या, टर्मिनल घासले, पंखा लावला. रिसीव्हरमागचा इम्पीडन्स (स्पीकरचा करंटला होणारा विरोध, ओहममध्ये) स्विच ४ वर नेला तर जीवच गेला आवाजातला. असा स्विच सहसा आतला व्होल्टेज कमी करतो, करंट वाढवत नाही. दोन आठवडे नुसती चिडचिड.

शेवटी स्पीकरचा इम्पीडन्स आलेख पाहिला. नाव ४ ओहम, पण ९० हर्ट्झजवळ, म्हणजे बेसच्या सुरांत, घसरून २.५! २० व्होल्टला ८ ओहमचा स्पीकर २.५ अँपिअर ओढतो, २.५ ओहमचा ८ अँपिअर. तिथेच बिचारा रिसीव्हर दम टाकत होता.

मग २ ओहमपर्यंत स्थिर, ८ ओहमला १०० आणि ४ ओहमला २०० वॅटचा पॉवर अ‍ॅम्प (फक्त स्पीकरला ताकद देणारा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर) घेतला. ओहम निम्मे झाले की वॅट दुप्पट होतात का, तेच बघा. सगळ्याचे प्लग काढले. स्पीकरच्या वायरी रिसीव्हरवरून सोडवून नव्या अ‍ॅम्पला लावल्या, प्लस-मायनस तपासून. रिसीव्हरच्या प्री-आउटमधून (बाहेरच्या अ‍ॅम्पला सिग्नल देणारं सॉकेट) अ‍ॅम्पच्या इनपुटला आरसीए केबल. आवाज शून्यावर. आधी रिसीव्हर चालू, मग अ‍ॅम्प. बंद करताना उलट, नाहीतर स्पीकरमध्ये धप्पकन आवाज येतो.

तेव्हापासून एकदाही 'टक्' नाही.