डॉक्युमेंटेशन कडक करायचंय? मग नियम कमी ठेवा

आपल्या कोल्हापुरातली जी पोरं चार-पाच ओपन सोर्स प्रोजेक्ट सांभाळायलीत त्यांच्यासाठी लिहितोय. गिटहबनं (कोड ठेवायची साइट) २०१७ला सर्व्हे केलेला, त्यात ९३ टक्के लोक म्हणाले की अर्धवट नाहीतर जुनाट डॉक्युमेंटेशनचा त्रास त्यांनी बघितलाय. म्हणजे रोग सगळ्यांना माहीत हाय, औषध कोण घेत नाही.

पहिलं म्हणजे वीस पानी नियमावली लिहीत बसू नका, कोण वाचत नाही. ऑर्गनायझेशनमध्ये डॉट गिटहब (.github) नावाचा पब्लिक रेपो, म्हणजे कोडचं फोल्डर, काढा, त्यात काँट्रिब्युटिंगची (हातभार कसा लावायचा ते सांगणारी) फाइल आणि पुल रिक्वेस्टचं (आपला बदल घ्या म्हणून केलेली विनंती) टेम्प्लेट टाका, ज्या रेपोत स्वतःची फाइल नसेल तिथं आपोआप हीच लागू होते. लायसन्स मात्र प्रत्येक रेपोत वेगळंच ठेवायला लागतंय.

मग नियम माणसाच्या तोंडी ठेवायचा नाही, सीआयला, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेला, सांगायचा. स्फिंक्स (डॉक्युमेंटेशनची पानं बनवणारं टूल) वापरत असाल तर बिल्डला डॅश कॅपिटल डब्ल्यू (-W) लावा, वॉर्निंग आली की बिल्ड फेल. पण जुन्या प्रोजेक्टला एकदम लावलं तर सगळंच लाल होतंय आणि दोन दिवसांत कोणतरी ते गुपचूप काढून टाकतंय, हे ठरलेलं. म्हणून पायथनवाल्यांनी इंटरोगेट हे डॉकस्ट्रिंग (कोडमध्येच लिहिलेलं फंक्शनचं वर्णन) मोजणारं टूल घ्यावं, आज डॉकस्ट्रिंग जेवढे टक्के असतील तोच आकडा फेल-अंडर या किमान मर्यादेला टाकावा आणि पुढं फक्त वर न्यायचा, खाली नाही. रस्ट भाषेत मिसिंग डॉक्सचं लिंट (वर्णन नसलं की टोकणारी तपासणी) आधी वॉर्नवर, म्हणजे नुसत्या इशाऱ्यावर ठेवा, साफसफाई झाली की डिनाय करा, म्हणजे एररच.

रीडमी, म्हणजे प्रोजेक्टची ओळख आणि इन्स्टॉलची माहिती देणारी फाइल, तपासायला टूल नको, शिवाजी विद्यापीठातलं एखादं नवं पोरगं गाठा, कोरा लॅपटॉप द्या, इन्स्टॉल करायला सांगा आणि तुम्ही मागं गप्प बसा. लई अवघड जातंय गप्प बसायला! ते जिथं अडकलं, तिथली ओळ रीडमीत नाही. बदल्यात मिसळ खायला घाला.

चेंजलॉगमध्ये (नव्या आवृत्तीत काय बदललं त्याची नोंद) कमिटची, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बारक्या बदलाची, यादी ओतू नका. वापरणाऱ्याचं काय मोडणार आणि त्यानं काय बदलायचं, एवढंच.

आणि नवख्याची पहिलीच पुल रिक्वेस्ट असेल तर डॉकस्ट्रिंगपायी परत पाठवू नका राव, दोन ओळी तुम्हीच घाला.

एक गोष्ट मात्र कुठलंच टूल पकडत नाही. फंक्शनचं नाव गेट युजर आणि खाली लिहिलंय ‘युजर मिळवतो’, सीआय हिरवा! युजर सापडला नाही तर None (म्हणजे काहीच नाही) येतंय का एरर, आयडी स्ट्रिंग द्यायचा का नंबर, हे रिव्ह्यू करणाऱ्यानंच विचारायचं.